मकोका लागला, पेपरात 'मालमत्ता जप्त' आलं, मग आपल्या चोरीला गेलेल्या मालाचं काय? नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

मावशीची सोन्याची पोत ओढून नेली तेव्हा मी वकिलीत अगदी नवा होतो, नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात सिनिअरच्या मागे फाइली घेऊन फिरायचो. मावशी सकाळी फिरायला गेली होती, मागून बाईक आली, दोन पोट्टे, मागच्याने मानेला हिसका दिला आणि गेले. तक्रार झाली, सही झाली, मग कित्येक महिने कोणाचा फोन नाही. एक दिवस पेपरात आलं की चेन स्नॅचिंगची टोळी पकडली, म्होरक्याला मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावला, मालमत्ता जप्त. मावशीचा लगेच फोन, "अरे बाबू, त्या पोट्ट्यांची मालमत्ता सरकारनं जप्त केली म्हणते, मंग माही पोत पण सरकारातच गेली का रे?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता इतक्या वर्षांत हाच प्रश्न घेऊन इतके लोक आले, कोणाचं सोनं, कोणाची गाडी, कोणाचा तर आख्खा प्लॉट, आणि सगळ्यांचा एकच समज की मकोका म्हणजे सगळं सरकारजमा, आता मागून काही फायदा नाही. तसं अजिबात नाहीये. मकोकामुळे तुमचा माल सरकारकडे जात नाही, तुम्ही गप्प बसल्यामुळे जातो. हे कसं ते सांगतो, आणि काय-काय करायचं तेही क्रमाने सांगतो.

आधी 'जप्त' हा शब्द सोडवून घ्या

आपल्या मराठीत एकच 'जप्त' शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पहिली म्हणजे पोलिसांची जप्ती, तपासात माल सापडला, पंचनामा केला, सील लावलं, मालखान्यात ठेवला. यात मालकी कोणाचीच बदलत नाही, माल फक्त पुरावा म्हणून ठेवलेला असतो. दुसरी म्हणजे टाच, ज्याला कोर्टात सगळे अटॅचमेंट म्हणतात, म्हणजे आरोपीचं घर, गाडी, बँक खातं गोठवायचं, विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, पण अजून ते त्याचंच आहे. तिसरी म्हणजे सरकारजमा, त्यात कोर्टाच्या आदेशाने मालकीच राज्य सरकारकडे जाते. पेपरवाला तिन्हींना 'जप्त' लिहितो आणि वाचणारा घाबरतो.

मकोकाचं पूर्ण नाव महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ सालचा. त्याचं कलम २० हे टाच आणि सरकारजमा याबद्दल आहे. त्यात शब्द काय आहेत ते फार महत्त्वाचं, कोर्ट सरकारजमा करू शकते ती 'आरोपीच्या मालकीची' मालमत्ता, चल असो की अचल. आता मला सांगा, मावशीची पोत आरोपीच्या मालकीची होते का? त्याच्या खिशात सापडली म्हणून त्याची झाली का? 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण कोर्टात चालत नाही. चोरीचा माल चोराकडे कितीही दिवस राहिला तरी मालक तुम्हीच.

मग भीती कशाची? भीती याची की ती वस्तू तुमचीच आहे हे कोर्टाला आपोआप कळत नाही. त्याच कायद्यात कलम १७ आहे, त्याप्रमाणे संघटित गुन्हेगारीतल्या माणसाकडे किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाकडे अशी मालमत्ता सापडली जिचा हिशोब त्याला देता येत नाही, तर ती बेकायदेशीर कामातूनच आली असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध होईपर्यंत. टोळीवाल्याच्या घरातल्या डब्यात दहा दागिने सापडले, त्यातल्या सहांचे मालक पुढे आले आणि चारांचे आलेच नाहीत, तर ते चार कोणाकडे जातील तुम्हीच विचार करा.

पहिली पायरी, तक्रारीतच वस्तूचं वर्णन पक्कं करा

मावशीच्या एफआयआरमध्ये लिहिलं होतं 'एक सोन्याची पोत, जुनी वापरती, किंमत अंदाजे'. वजन नाही, डिझाइन नाही, किती पदरी ते नाही. लिहिणाऱ्याला घाई होती आणि मावशी रडत होती, मी सोबत असून मला कळलं नाही. त्या एका ओळीने पुढे आम्हाला फार त्रास झाला.

सोनं असेल तर ग्रॅममध्ये वजन, कॅरेट, पदर, पेंडंट कसं, मणी काळे की सोन्याचे, कुठे डाग दिलेला आहे का, आणि कोणत्या सराफाकडून कोणत्या वर्षी घेतली हे सगळं लिहून घ्या. अलीकडे घेतलेल्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर असतो, १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो नंबर बिलावर लिहून मागा आणि आजच घरातल्या सगळ्या दागिन्यांचे फोटो काढून ठेवा, खरंच आजच. गाडी असेल तर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, मोबाइल असेल तर आयएमईआय. जुनं सोनं आहे, आजीचं आहे, बिल नाही, असं असेल तरी घाबरू नका, लग्नातले फोटो चालतात, घरच्यांचं शपथपत्र चालतं, सराफाच्या वहीतला दुरुस्तीचा कागद चालतो. विम्यासाठी किंवा गोल्ड लोनसाठी कधी मूल्यांकन केलं असेल तर तो कागद म्हणजे उत्तमच, त्यात वजन लिहिलेलं असतं.

एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट मिळते, तो हक्क आहे. तिथेच उभं राहून वाचा, चुकलं असेल तर पुरवणी जबाब द्या की वर्णन असं-असं आहे. पुरवणी जबाब नंतरही देता येतो, आम्हीही नंतरच दिला.

दुसरी पायरी, माल सापडला का आणि कुठल्या गुन्ह्यात सापडला ते शोधा

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात, तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवायचं बंधन पोलिसांवर आहे. कळवलं नाही तर लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घेऊन कॉपी जवळ ठेवा. नुसतं जाऊन 'साहेब काही झालं का' विचारून काही होत नाही, कागद बोलतो.

टोळी पकडली अशी बातमी आली की त्याच आठवड्यात जा. ठाण्यात विचारायचं ते हे, माझ्या गुन्ह्याचा नंबर अमुक, यातले आरोपी पकडलेल्या टोळीत आहेत का, मुद्देमाल मिळाला का, कोणत्या गुन्ह्यात दाखवला, मुद्देमाल नंबर काय. कधीकधी पकडतं क्राइम ब्रांच, गुन्हा असतो एका ठाण्याचा आणि माल ठेवलेला असतो तिसरीकडे, त्यामुळे दोन-तीन चकरा होतील, होऊ द्या.

आता इथे एक गोष्ट जी नव्वद टक्के लोकांना माहीत नसते आणि मला फार महत्त्वाची वाटते. मकोका हा माणसाला 'लागतो' असं आपण बोलतो पण तो लागतो एका विशिष्ट गुन्ह्यात. कायद्याची अट अशी की टोळीवर मागच्या १० वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट कोर्टात दाखल झालेल्या असल्या पाहिजेत, तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांच्या, आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली असली पाहिजे. ते जुने गुन्हे हे मकोकाचा आधार असतात, मकोका मात्र लागतो ताज्या गुन्ह्यात, तेही डीआयजी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी घेऊन. म्हणजे पेपरात टोळीला मकोका लागला असं आलं तरी तुमचा गुन्हा कदाचित त्या जुन्यांपैकी एक असेल, साधा चोरीचा नाहीतर हिसकावण्याचा, आणि तो साध्या न्यायदंडाधिकारी कोर्टातच असेल. मग अर्जही तिथेच करायचा. आणि तुमचाच गुन्हा मकोकाचा असेल तर अर्ज मकोकाच्या विशेष कोर्टात, जे जिल्हा न्यायालयातच सत्र न्यायाधीशांसमोर चालतं. चुकीच्या कोर्टात अर्ज टाकून दोन-तीन महिने गेलेले लोक मी पाहिले, शेवटी कोर्ट म्हणते आम्हाला अधिकार नाही, तिकडे जा.

कोर्ट कोणतं हे ई-कोर्ट्सच्या ॲपवर एफआयआर नंबर टाकून बरेचदा सापडतं. सापडलं नाही तर तपास अधिकाऱ्याला विचारा की मंजुरी कोणत्या अपराध क्रमांकात मिळाली.

तिसरी पायरी, ओळख

चोरीचं सोनं फार कमी वेळा जसंच्या तसं सापडतं. पोट्टे ते सराफाकडे नाहीतर मधल्या माणसाकडे विकतात, तो वितळवतो, आणि पोलिसांना सापडते लगड. आरोपी पंचांसमोर सांगतो की मी अमुक दुकानात विकली, दाखवतो, तिथून लगड निघते, असा पंचनामा असतो. हा पंचनामा तुमच्यासाठी सोन्याहून मोलाचा, कारण लगडीवर तुमचं नाव नसतं, तुमची पोत ते लगड हा धागा फक्त आरोपीचं निवेदन, दुकानदाराचा जबाब आणि वजन यांनीच जुळतो. म्हणून तर तक्रारीत वजन पाहिजे म्हणून सांगून राहिलो. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं केलं आहे, कलम १०५, तेही मागता येतं.

एकाच लगडीत चार-पाच जणींचं सोनं असेल तर? आमचंच तसं झालं. बाकीच्या फिर्यादींना शोधून काढा, ठाण्यातून नावं कळतात, एकत्र बसा, प्रत्येकीचं तक्रारीतलं वजन काढा, आणि जमलं तर कोर्टात एकत्र सांगा की आमची अशा वाटणीला हरकत नाही. भांडत बसलात तर कोर्ट म्हणेल ट्रायल संपेपर्यंत तिथेच राहू द्या. आमच्यात एक काकू होत्या, त्या अडून बसल्या होत्या की त्यांचंच जास्त, त्यांच्याकडे बिलही होतं, शेवटी बिलाप्रमाणे त्यांना जास्त दिलं आणि सगळ्यांचं काम झालं.

चौथी पायरी, सुपुर्तनाम्याचा अर्ज

हा सगळ्या लेखाचा गाभा. सुपुर्तनामा म्हणजे केस चालू असतानाच कोर्टाने बाँड, म्हणजे हमीपत्र, घेऊन माल तुमच्या ताब्यात देणं. केस संपेपर्यंत थांबायची गरज नाही, आणि थांबूच नका, मकोकात चार्जशीटलाच ९० ऐवजी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळते, ट्रायल त्याच्यापुढे. अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली होतो. माल कोर्टासमोर आला की १४ दिवसांत त्याची यादी आणि वर्णन, मग फोटो किंवा व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाचं काय करायचं त्याचा आदेश, असं कलम ४९७ सांगतं. त्याआधीही सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात स्पष्ट सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात सडवत ठेवू नका, पंचनामा करा, फोटो घ्या, बाँड घ्या आणि हक्काच्या माणसाला द्या. कोर्टात आजही हा निकाल रोज दाखवला जातो, तुमच्या वकिलाला तो माहीत असतोच.

अर्जाला लावायचं काय: एफआयआरची कॉपी, बिल किंवा मालकीचा जो काही कागद, आधार, फोटो, शपथपत्र की ही वस्तू माझी आहे आणि दुसऱ्या कोणाचा दावा नाही. गाडी असेल तर आरसी आणि विमा. इथे एक लक्षात ठेवा, गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनीकडून क्लेम घेतला असेल तर गाडी आता कंपनीची, तुम्ही अर्ज करायचा नाही, लपवून केला तर अंगाशी येईल. फायनान्सवरची गाडी असेल तर फायनान्सवाल्यांचं ना हरकत पत्र जोडा.

अर्ज टाकल्यावर कोर्ट सरकारी वकिलाचं आणि तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं, कोर्टात त्याला नुसतं 'से' म्हणतात. हा से येण्यातच दिवस जातात. तपास अधिकाऱ्याला तारीख सांगून या, नम्रपणे आठवण द्या. मकोकाच्या केसमध्ये ते बरेचदा लिहितात की माल पुराव्यासाठी लागणार, देऊ नये. त्याला उत्तर हेच की फोटो आणि पंचनामा आहे, बाँड घ्या, बोलावलं की आणून दाखवतो, आणि आरोपीने या मालावर मालकी सांगितलेलीच नाही. हे शेवटचं वाक्य अर्जात जरूर टाका, कारण आरोपीचा वकील सहसा मालकी सांगत नाही, सांगितली तर माल आपल्याकडेच होता हे कबूल केल्यासारखं होतं, आणि मग वस्तूवर दावा करणारे तुम्ही एकटेच उरता.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नका. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथून मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही. पोत गेलेल्या निम्म्या बायकांना हे माहीतच नसतं, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत घ्या आणि ठाण्यात मुद्देमाल कारकुनाकडे जा. सही करायच्या आधी सील तपासा, वजन करून घ्या, पंचनाम्यातल्या वजनाशी जुळवा, फोटो काढा. वजन कमी भरलं तर सही करू नका, तसंच कोर्टात कळवा. गाडी असेल तर बॅटरी, टायर, स्टेपनी काय आहे काय नाही ते पावतीवर लिहून घ्या.

आणि सुपुर्तनामा म्हणजे माल कायमचा सुटला असं नाही! विकायचा नाही, मोडायचा नाही, वितळवायचा नाही, रंग बदलायचा नाही, कोर्टाने बोलावलं की हजर करायचा. मोडून नवीन डिझाइन करून घेतलं आणि मग साक्षीच्या दिवशी घाम फुटला असे लोक आहेत, बाँडची रक्कम भरावी लागते आणि केसही कच्ची होते ते वेगळंच.

पाचवी पायरी, मागितलंच नाही तर काय होतं

मालक माहीत नसेल तर कोर्ट जाहीर नोटीस काढतं की ज्याचा हक्क असेल त्याने सहा महिन्यांत यावं. कोणी आलं नाही, आणि ज्याच्याकडे माल सापडला त्यालाही तो कायदेशीरपणे मिळवला हे दाखवता आलं नाही, तर कलम ५०४ प्रमाणे माल सरकारच्या हाती जातो आणि विकलाही जाऊ शकतो. पाहा, यात मकोकाचा काही संबंधच नाही, साध्या चोरीतही हेच होतं. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, गप्प बसल्याने जातो.

प्लॉट, घर आणि धमकावून करून घेतलेली रजिस्ट्री

सोनं आणि गाडी हे सोपं आहे. अवघड प्रकरण जमिनीचं, आणि आपल्या नागपुरात बेसा, हुडकेश्वर, वाठोडा या बाजूंना प्लॉट किती लोकांनी आयुष्याच्या पुंजीतून घेतलेत ते सगळ्यांना माहीत आहे. समजा गुंडाने धमकावून तुमच्याकडून विक्रीपत्र करून घेतलं आणि नंतर त्याला मकोका लागला. आता कागदावर प्लॉट त्याच्या नावाने आहे. म्हणजे कलम २० मधले 'आरोपीच्या मालकीची' हे शब्द वरवर पाहता लागू होतात. खटला चालू असताना विशेष कोर्ट टाच आणू शकतं आणि शिक्षा झाली की तीच टाच सरकारजमा होते, आणि कायदा म्हणतो सगळ्या बोज्यांपासून मुक्त होऊन सरकारजमा होते. गहाण, करारनामा, इसार दिलेले पैसे, सगळे बोजे गळून पडतात. इथे मात्र गप्प बसलात तर खरंच हातचं जाईल.

म्हणून टाचेची बातमी कळली की लगेच विशेष कोर्टात हरकत अर्ज, सोबत तुमची जुनी रजिस्ट्री, टॅक्स पावत्या, सातबारा किंवा आखीव पत्रिका, धमकीची तक्रार केली असेल तर ती. दुसऱ्या बाजूने दिवाणी कोर्टात विक्रीपत्र रद्द करायचा दावा, त्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, धमकी देणारा जेलमध्ये गेला, त्याची केस संपू दे मग पाहू, असं म्हणत बसलात तर मुदत निघून जाते. आणि बळाने किंवा धाकाने तुम्हाला जागेवरून काढलं असेल, तर आरोपीला शिक्षा झाल्यावर ताबा परत द्यायचा आदेश फौजदारी कोर्टच करू शकतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०२, पण शिक्षेच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत. एक महिना म्हणजे डोळ्याची पापणी लवते तितका, त्यामुळे अर्ज आधीच तयार ठेवा.

हेच आरोपीच्या घरच्यांनाही लागू. वडिलोपार्जित घरात चार भाऊ आणि एक भाऊ टोळीत, तर बाकी तिघांनी आपापला हिस्सा कागदाने दाखवायचा, घर त्याचं एकट्याचं नाही हे कोर्टाला सांगायचं. त्यांनी काही गुन्हा केलेला नसतो आणि त्यांची बाजू मांडायला अनेकदा कोणी उभं राहत नाही.

आरोपी फरार असेल तर अजून एक कालक्रम आहे. विशेष कोर्ट जाहीरनामा काढतं, हजर व्हायला १५ ते ३० दिवसांची तारीख देतं, आणि टाच आणू शकतं. आरोपी सहा महिन्यांत स्वतः आला किंवा सापडला आणि मी पळालो नव्हतो, मला नोटीस नव्हती हे सिद्ध केलं तर त्याला मालमत्ता परत मिळू शकते. तुमचा हक्क त्या मालमत्तेत असेल तर त्या सहा महिन्यांवर डोळा ठेवा.

विशेष कोर्टाचा निकाल किंवा अंतिम आदेश विरोधात गेला तर अपील हायकोर्टात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात, ३० दिवसांत.

स्वस्त मिळतंय म्हणून घेणाऱ्यांसाठी

हे वाचणाऱ्यात कोणी असा असेल ज्याने आरसी नसलेली बाईक किंवा बिल नसलेला मोबाइल घेतलाय, तर त्याच्यासाठी. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि हाच धंदा असेल तर जन्मठेपेपर्यंत जाते. तोच माल संघटित गुन्हेगारीतून आलेला निघाला तर मकोकाचं कलम ३ चं पाचवं पोटकलम, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि दंड किमान दोन लाख रुपये. मित्राची गाडी म्हणून टोळीवाल्याची गाडी स्वतःच्या अंगणात लावून घेणारे, त्याचे पैसे आपल्या खात्यात ठेवणारे पोट्टे पाहतो तेव्हा त्यांच्या आईबापांचं काय होईल हेच डोक्यात येतं, कारण टोळीतल्या माणसाच्या वतीने हिशोब न लागणारी मालमत्ता बाळगणं हा मकोकाच्याच कलम ४ खाली वेगळा गुन्हा आहे, तीन ते दहा वर्षं, दंड किमान एक लाख, आणि ती मालमत्ताही टाच आणि सरकारजमाच्या तावडीत.

खरंच माहीत नसताना घेतलं असेल तर? माल मूळ मालकाकडे जाणार, ते पक्कं. पण चोराला शिक्षा झाली, त्याच्या अंगझडतीत पैसे सापडलेले असले आणि तुम्हाला माहीत नव्हतं हे सिद्ध झालं, तर तुम्ही दिलेली किंमत त्या पैशातून मिळू शकते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९९. म्हणून ऑनलाइन पेमेंटचा पुरावा, चॅट, पावती जपून ठेवा.

नवीन कायद्यातला एक वेगळा रस्ता

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०७ हे नवीन आहे, जुन्या सीआरपीसीत असं काही नव्हतं. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता आहे असं तपास अधिकाऱ्याला वाटलं तर एसपी किंवा पोलीस आयुक्तांच्या मंजुरीने तो कोर्टाकडे टाचेचा अर्ज करतो, कोर्ट १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस देतं, आणि ती गुन्ह्याचीच कमाई ठरली तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ६० दिवसांत ती गुन्ह्यामुळे नुकसान झालेल्या लोकांत वाटायची. कोणी दावेदारच नसला किंवा वाटून उरलं तरच ते सरकारजमा. मला हे कलम फार आवडतं कारण यात नुकसान झालेला माणूस आधी येतो आणि सरकार नंतर. फसवणुकीत पैसे गेलेल्यांनी तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती करावी की कलम १०७ खाली अर्ज करा, आणि आपल्या नुकसानीचा आकडा कागदांसह तपासातच नोंदवून ठेवावा, म्हणजे वाटपाच्या यादीत नाव राहील.

निकालाच्या दिवशी

सुपुर्तनाम्यावर माल मिळालेला असला तरी निकालाच्या शेवटी मुद्देमालाबद्दल एक परिच्छेद असतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ चा, तो वाचल्याशिवाय घरी जाऊ नका. त्यात लिहिलेलं असायला पाहिजे की अपिलाची मुदत संपल्यावर बाँड रद्द आणि माल फिर्यादीकडे कायम. तुमच्या वस्तूचा उल्लेखच राहून गेला असेल किंवा चुकून आरोपीच्या मालमत्तेच्या यादीत ती आली असेल तर त्याच आठवड्यात वकिलाला गाठा, मालाच्या आदेशावर कलम ५०० खाली अपील होतं. कलम २० चा सरकारजमाचा आदेश लेखी असतो आणि त्यात मालमत्ता एकेक करून लिहावी लागते, त्यामुळे यादी मिळवा आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचा.

मावशीला पोत नाही मिळाली, लगडीचा तुकडा मिळाला, तक्रारीत लिहिलेल्या किमतीच्या मानाने थोडा कमीच. आमचा अर्ज जुन्या सीआरपीसीच्या कलम ४५७ खाली होता, गुन्हा मकोकाचा नव्हता हे कळेपर्यंतच आमचे दोन महिने गेले होते. साक्षीला बोलावलं तेव्हा ती तो तुकडा हळदी-कुंकवाच्या छोट्या डबीत घालून घेऊन आली, कोर्टाने आर्टिकल, म्हणजे पुराव्याची वस्तू, म्हणून पाहिला, तिने सांगितलं हो माझ्या पोतीचंच सोनं, पदर दोन होते, मधे वाट्या होत्या, सगळं अगदी बरोबर सांगितलं. मग डबी परत पर्समध्ये ठेवली आणि आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. केसचा निकाल अजून लागायचा आहे, तोपर्यंत तो तुकडा तसाच डबीत आहे, तिने सराफाला दाखवलासुद्धा नाही.